पाशामियाँचा न हलणारा स्टॅण्ड

लातूरच्या औसा रोडला, एका टायरच्या दुकानाला चिकटून, पत्र्याचं एक बुटकं गॅरेज आहे. ते पाशामियाँचं. दारावर पाटी नाही, तरी पार नांदेड-भोकरकडची पोरं ते शोधत येतात. मोटारसायकलच्या हॅंडलला मोबाईल बसवायचा जो स्टॅण्ड पाशामियाँ करतात, तसा आमच्या भागात दुसरं कुणी करत नाही. बाजारातला प्लास्टिकचा स्टॅण्ड दोन खड्ड्यांत मान टाकतो, आणि इंजिनाच्या थरथरीने महागड्या मोबाईलचा कॅमेरा आतून खिळखिळा होतो तो वेगळाच. पाशामियाँचा स्टॅण्ड लोखंडी पट्टीचा असतो. पट्टी आणि हॅंडल यांच्यामध्ये ते जुन्या स्लिपरच्या टाचेचं रबर घालतात, दोन थर, आणि मधे ट्यूबची एक चकती. गाडी नांगरटीतून नेली तरी मोबाईलमधलं चित्र हलत नाही.

हा सगळा प्रकार मला किळसवाणा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. आईबापांनी डॉक्टर व्हायला ट्यूशन एरियात आणून ठेवलेली ही पोरं रविवारी गाडीला मोबाईल लावून विष्णुपुरीच्या बंधाऱ्यापर्यंत जातात. जाताना सगळा वेळ त्या मोबाईलशी बोलतात. 'तर मित्रांनो' म्हणून सुरुवात करतात आणि बंधाऱ्यावर पोचले की पाण्याकडे पाठ करून उभे राहतात. परत येऊन तेच सगळ्या जगाला दाखवतात, आणि जग बघतंसुद्धा. एकदा मी एकाचं पूर्ण बघितलं. सव्वा तासात त्याने गोदावरीकडे एकदाही धड पाहिलेलं नव्हतं.

मला हे बोलायचा अधिकार नाही, असं कुणी म्हणेल. खरंच नाही. मी आनंदराज, पूर्वी गंजगोलाईजवळ माझं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. मोटारसायकलला कॅमेरा बांधून फिरायची अक्कल या शहरात पहिल्यांदा कुणाला सुचली असेल तर ती मला. पण त्याकडे नंतर येतो.

पाशामियाँचा एक रिवाज आहे. स्टॅण्ड बसवून झाला, चेकनट आवळून झाला, की ते पान्हा खाली ठेवतात, फडक्याला हात पुसतात आणि गिऱ्हाइकाला विचारतात, "रस्त्यात कुणी हात केला तर थांबणार ना?" पोरं हसतात. मग पाशामियाँ स्टॅण्डच्या बाजूचा छोटा दांडा दाखवतात. तो दाबला की मोबाईल एका हाताने निघतो, म्हणजे गाडी थांबवून उतरायला वेळ लागत नाही. हा दांडा कुणी मागितलेला नसतो आणि त्याचे पैसेही ते लावत नाहीत. पोरं "हाव चाचा, थांबू की" म्हणतात आणि किक मारतात.

दोन हजार बावीसच्या उन्हाळ्यात असाच एक केस वाढवलेला मुलगा मोठ्या कौतुकाने आला. त्याच्या स्टॅण्डची कमाल दाखवायला आला होता. मोबाईलवर त्याने व्हिडिओ लावला: रेणापूर फाट्याच्या अलीकडे एक म्हातारा सायकलवरून पडलेला, पिशवीतली वांगी रस्त्यावर पांगलेली, म्हातारा एका कोपरावर उठायची खटपट करतोय. मुलाची गाडी त्याला वळसा घालून पुढे जाते आणि मुलाचा आवाज येतो की बघा मित्रांनो, आपल्याकडे रस्त्यांची काय हालत आहे. म्हाताऱ्याच्या हनुवटीवरचं रक्तसुद्धा स्पष्ट दिसत होतं. मुलगा म्हणाला, आजवरचं सगळ्यात जास्त बघितलं गेलेलं हेच.

पाशामियाँनी विचारलं, पुढे काय केलंस? मुलगा म्हणाला, पुढे काय, चहा घेतला फाट्यावर.

पाशामियाँ उठले, ग्राइंडर लावला आणि त्याच्या हॅंडलवरचा स्टॅण्ड उभा कापून काढला. ठिणग्या माझ्या पायापर्यंत आल्या. मुलगा आरडाओरडा करायला लागला तेव्हा त्याचे पैसे त्याच्या टाकीवर ठेवले आणि त्याला जायला सांगितलं. मी आपलं म्हटलं, असं गिऱ्हाईक तोडून कसं चालेल. त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी बिस्किट चहात बुडवलं.

आता माझ्याकडे येतो.

ब्याण्णव साली मी त्यांना नुसतं पाशा म्हणायचो. नांदेडच्या इतवाऱ्यातलं त्यांचं घराणं वेल्डिंगचं, लग्न करून ते लातूरला आले आणि इथलेच झाले. माझ्याकडे तेव्हा खांद्यावर घ्यायचा भला मोठा कॅमेरा होता, कॅसेट आतच बसायची. माझ्या डोक्यात आलं की वरातीचं शूटिंग चालत्या गाडीवरून केलं तर सिनेमासारखं दिसेल. पाशाने माझ्या राजदूतचा हेडलाइट काढला, त्या जागी लोखंडी पट्टी बसवली, आणि पहिल्या दोन खेपा चित्र थरथरलं म्हणून तिसऱ्या खेपेला कमरुन्निसाभाभींच्या, म्हणजे स्वतःच्या बायकोच्या, जुन्या स्लिपरच्या टाचा कापून मधे घातल्या. भाभी आठवडाभर त्यांच्यावर चिडलेल्या होत्या. पण चित्र असं झालं की जणू गाडी पाण्यावरून चालली आहे. गाडी पाशा चालवायचा, मी मागे बसायचो. वर्षभर लातुरातला प्रत्येक नवरदेव आम्हाला मागायचा.

मग त्र्याण्णवचा सप्टेंबर आला. अनंत चतुर्दशीची मिरवणूक शूट करून मी नुकताच आडवा झालो होतो, तोच भूकंप झाला. लातुरात भांडी पडली, भिंतींना तडे गेले, माणसं रस्त्यावर आली. उजाडता उजाडता बातमी आली की किल्लारीकडची गावंच्या गावं बसली. लोक ट्रक, जीप, मिळेल ते घेऊन निघाले. पाशाने टिकाव, पहार आणि दोर गोळा केला आणि मला म्हणाला, राजदूत काढ. मी राजदूत काढली. हेडलाइटच्या जागी कॅमेरा होताच. नवी कॅसेट तेवढी घातली.

ज्या गावात आम्ही शिरलो त्याचं नाव मी लिहीत नाही. दगड-मातीची जाड भिंतींची घरं, वर मातीचं धाबं. सगळं खाली आलेलं. मधली गल्ली तेवढी जाता येण्यासारखी राहिली होती. पाशा हळू चालवत होता. मी कॅमेरा चालू केला होता. गल्लीच्या वळणावर एक बाई उभी होती. अंगावर धड पातळ नव्हतं, केसांत माती, दोन्ही हात वर केलेले. ती आमच्याकडे बघून ओरडत होती. पाशाने वेग इतका कमी केला की इंजिन बंद पडायला आलं. आणि मग गाडी थांबली नाही. पुढे गेली.

गावाच्या पलीकडच्या टोकाला आम्ही थांबलो आणि पाशा संध्याकाळपर्यंत दगड उपसत राहिला. मीही उपसले. पण ते त्या बाईचं घर नव्हतं.

आठ दिवसांनी मी त्या शूटिंगची कॅसेट तयार केली. आमच्या धंद्याची एक सवय होती. कॅमेऱ्यात आलेला आवाज आम्ही कधी ठेवतच नसू. लग्नात बँडचा गोंगाट, बायकांची बडबड, पोरांची रडारड, ते कोण ऐकणार? सगळा आवाज पुसायचा आणि वर गाणी टाकायची. भूकंपालाही मी तेच केलं. माझ्याकडे मुलगी सासरी जातानाची एक रडकी सनई होती, ती पूर्ण लांबीवर टाकली. त्या कॅसेटच्या नकला लातूर, नांदेड, उदगीरला भाड्याने गेल्या. लोकांनी व्हिडिओ भाड्याने आणून, सतरंज्या अंथरून, पोहे करून, चाळीस किलोमीटरवरची मढी बघितली. सगळ्यांना ती हात वर केलेली बाई लक्षात राहिली, कारण चित्र अजिबात हललं नव्हतं आणि तिचा चेहरा नीट दिसत होता. माझी वाहवा झाली. आता ते आठवलं की मला स्वतःची शिसारी येते, पण तेव्हा नाही आली.

पाशाने ती कॅसेट शेजाऱ्याकडे पाहिली. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला आणि एवढंच विचारलं, "हिचा आवाज कुठं गेला, आनंदभाई?"

मी म्हणालो की इंजिनाच्या आवाजात सगळं बुडून गेलं होतं, काही कळत नव्हतं. ते खोटं होतं. इंजिन बंद पडायला आलं होतं म्हणून आवाज उलट स्वच्छ आला होता, आणि मूळ कॅसेट माझ्या कपाटात होती. पाशाने वाद घातला नाही. बाहेर जाऊन राजदूतवरची ती पट्टी चार बोल्ट काढून सोडवली, खिशात रबराचे तुकडे घातले आणि निघून गेला. त्यानंतर तो माझ्याबरोबर एकाही शूटिंगला आला नाही. बोलणं मात्र तोडलं नाही. चहा चालू राहिला, आणि हळूहळू मीच त्याला पाशामियाँ आणि अहो म्हणायला लागलो.

पुढचं मला कमरुन्निसाभाभींकडून कळलं, तेही बऱ्याच वर्षांनी. पाशामियाँ त्या गावात परत गेले होते. बाईचं नाव सरजाबाई. तिचा नवरा केरबा भिंतीखाली होता आणि बोलत होता. आम्ही गेल्यावर तासाभराने माणसं मिळाली. तोवर आतला आवाज बंद झाला होता. पाशामियाँनी तिच्या पत्र्याच्या शेडला दार करून दिलं, पुढे सरकारी घर मिळालं त्याच्या खिडक्या केल्या, आणि दर तीस सप्टेंबरला ते तिकडे जातात. मला कधी चल म्हणाले नाहीत.

मोबाईलचा हा नाद आला तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, एवढं सगळं होऊन तुम्ही पुन्हा हेच का करता? ते म्हणाले, मी नाही केलं तर पोरं प्लास्टिकचं घेतील. माझ्याकडं आली तर निदान विचारता तरी येतं.

दोन हजार तेवीसला भूकंपाला तीस वर्षं झाली. ट्यूशन एरियातल्या एका मोठ्या क्लासच्या संचालकांना, त्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, या तीस वर्षांचं काहीतरी करावंसं वाटलं. काय करावं, तर तीस मोटारसायकलींची फेरी, प्रत्येकीवर मोबाईल, लातूरहून भूकंपाच्या गावापर्यंत. फेरीचं नाव होतं 'ढिगाऱ्यातून डॉक्टरकीकडे'. ते नाव छापलेले टी-शर्टसुद्धा आले होते.  निघण्याआधी क्लासच्या हॉलमध्ये मुलांना जुनं शूटिंग दाखवायचं होतं. सर स्वतः गॅरेजवर आले, पाशामियाँना तीस स्टॅण्ड सांगितले, आणि तिथेच मला म्हणाले की तुमची ती जुनी कॅसेट हवी, ती हात वर केलेली बाई पाहिजेच, मुलं एकदम इमोशनल होतील.

मी म्हणालो, नक्कल कुठेतरी असेल. पाशामियाँ माझ्याकडे बघत होते. का कोण जाणे, मला खोटं पुढे नेता आलं नाही. मी म्हणालो, मूळ कॅसेट आहे. कपाटात आहे.

"आवाजासकट?" पाशामियाँनी विचारलं.

मी मान हलवली. तीस वर्षं ज्याच्याबरोबर चहा प्यायलो त्याच्यासमोर मान हलवायला मला तेवढाच वेळ लागला. त्यांनी मला बोल लावला नाही. सरांना म्हणाले की स्टॅण्ड करून देतो, पण आधी त्या बाईला विचारू. सर घाईत होते, विचारा की म्हणाले.

आम्ही पाशामियाँच्या गाडीवर गेलो. मी मागे. सरजाबाई आता सत्तरीच्या पुढे आहे, दारात तूर निवडत बसली होती. पाशामियाँना बघून तिने पोरीला पाणी आणायला सांगितलं. पाशामियाँनी सगळं सांगितलं, मी कोण तेही सांगितलं. माझ्या मनात एक गोष्ट होती आणि ती किती नीच आहे ते मला बोलताना कळलं. मी तिला म्हणालो, मावशी, अब्रूचा प्रश्न आहे, पातळ धड नाही अंगावर, तुम्ही नको म्हणालात तर मी आत्ता कॅसेट जाळून टाकतो. ती नको म्हणेल अशी माझी खात्री होती. तसं झालं असतं तर माझी सुटका होती.

ती सूप हलवायची थांबली. "पातळाचं काय घेऊन बसलाव," ती म्हणाली. "मी हात केला व्हता. गाडी थांबली न्हाई. दावा की समद्यास्नी. पर त्यावर गाणं नका घालू. मी काय म्हणून राहिले व्हते ते लोकास्नी ऐकू येऊ द्या."

पाशामियाँनी विचारलं, तुम्हाला न्यायला गाडी पाठवू का? ती म्हणाली, "मी कशाला येऊ? मी तिथं व्हतेच."

परत येताना औशाजवळ एका माणसाने हात केला, त्याचं पेट्रोल संपलं होतं. पाशामियाँनी नळी काढून आपल्या टाकीतलं पेट्रोल त्याला दिलं. मी उभा राहून बघत होतो.

घरी येऊन मी कपाटातली कॅसेट काढली आणि ओळखीच्या दुकानात ती कॉम्प्युटरवर चढवून घेतली. तीस वर्षांनी पहिल्यांदा आवाजासकट पाहिली. सरजाबाई ओरडते, "थांबा वो, आत माणूस हाय, बोलून राहिला, थांबा." दोनदा म्हणते. मग इंजिन अडखळतं, पाशाचा पाय ब्रेकवर गेलाय हे कळतं. आणि मग आणखी एक आवाज येतो, गाडीवरूनच, मागच्या सीटवरून. तो माझा. एक छोटं वाक्य आहे. त्या वाक्यानंतर गाडी पुढे जाते.

मी ते वाक्य कापलं. सरजाबाईने तिचा आवाज ठेवायला सांगितलं होतं, तो पूर्ण ठेवला. माझ्याबद्दल ती काही बोलली नव्हती, अशी मी स्वतःची समजूत घातली. सनई नाही टाकली. तेवढ्यावर मला वाटलं की मी फार सचोटीने वागलो.

हॉलमध्ये हजारभर मुलं होती. सरांचं भाषण झालं, मग चित्र लागलं. आधी थोडी कुजबुज होती, सरजाबाईचा आवाज आल्यावर तीही थांबली. पडद्यावर ती हात वर करून ओरडते आहे, जवळ येते आहे, मग बाजूने निघून मागे जाते आहे. चित्र अजिबात हलत नाही. दिवे लागले. सरांनी माईक घेतला, पण त्यांच्याआधी पुढच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. तिने साधं विचारलं, "मग गाडी का नाही थांबली?"

मी कॉम्प्युटरपाशी बसलो होतो, तिच्यापासून दहा पावलांवर. सर म्हणाले की आपण तो विषय नंतर घेऊ. मुलगी बसली नाही.

पाशामियाँ मागच्या दारापाशी स्टॅण्डची पोती घेऊन उभे होते. ते चालत पुढे आले. माईक घेतला नाही. "गाडी मी चालवत होतो, बेटी," ते म्हणाले. "ब्रेक माझ्या पायाखाली होता. मी थांबलो नाही."

हॉलमधल्या निम्म्या मुलांनी मोबाईल वर केले होते. मी खुर्चीवरून उठलो नाही. 

फेरी निघाली. प्रत्येकाला तो प्रश्न विचारायचा म्हणून पाशामियाँ स्टॅण्ड घेऊन गेटवर थांबले होते, पण सरांच्या माणसाने पोती त्यांच्या हातातून घेतली आणि वेळ नाही म्हणाला. संध्याकाळपर्यंत पाशामियाँचा तो व्हिडिओ सगळीकडे गेला. कुणीतरी त्यावर रडकं संगीत टाकलं होतं. 'मरणाऱ्याला सोडून गेलेला हाच तो माणूस' असं वर लिहिलं होतं. खाली लोकांनी त्यांना शिव्या घातल्या, आणि नाव कळल्यावर आणखी जे काही लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही. वाचताना मला ओकारी आली आणि मी न्हाणीत जाऊन खरोखर ओकलो. तरी एका ओळीत मी त्यांना सोडवू शकत होतो आणि ती ओळ मी लिहिली नाही. आठ दिवस गॅरेजवर गिऱ्हाईक फिरकलं नाही. कुणीतरी पत्र्यावर काळं फासून गेलं, ते भाभींनी रॉकेलने पुसून काढलं.

नवव्या दिवशी मी गेलो. पाशामियाँ एका गाडीची चेन सैल करत होते. मला बघून स्टूल पुढे सरकवलं आणि शेजारच्या टपरीवर दोन बोटं दाखवून दोन चहा सांगितले. चहा आला. मी बशीत ओतला.

"कॅसेटमध्ये एक वाक्य कमी आलं, आनंदभाई," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. मग पुन्हा चेनकडे वळले.

मी चहा संपवला आणि घरी आलो. त्यानंतर रोज जातो, रोज चहा होतो, ते पुन्हा काही म्हणालेले नाहीत. म्हणून हे लिहून काढलं. ते वाक्य असं आहे: "चल पाशा, थांबू नको, चित्र हलेल." मूळ कॅसेटमध्ये ते स्वच्छ ऐकू येतं, आणि आवाज माझा आहे.